कॅबिनेटमधली हवा

जगातली प्रत्येक थोर संस्कृती हवा कोंडल्यामुळे बुडाली, असं माझं ठाम मत आहे. दुष्काळ, फितुरी, परकी स्वाऱ्या ही सगळी मागाहून चिकटवलेली कारणं. हे मत मला गेल्या जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी सुचलं. त्या वेळी मी चिंचपोकळीला, आमच्याच चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, बुधाजी गमऱ्यांच्या खोलीत शिलाई मशीन आणि एक काळी पेटी यांच्या मधल्या फटीत बसलो होतो. बुधाजींच्या पत्नी राधावहिनी गॅसवर सुके बोंबील भाजत होत्या, आणि खिडकी उघडायला बंदी होती, कारण पेटीवर धूळ बसली असती.

त्या पेटीला कॅबिनेट म्हणतात. कॉम्प्युटरचं डोकं, काळीज, पंखे, तारा वगैरे जे काही असतं त्याला राहायला दिलेलं घर, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही हे मिड-टॉवर, म्हणजे मधल्या उंचीचं. गुडघ्यापर्यंत येईल एवढं, एका बाजूला काच, समोर काळा चकचकीत दरवाजा. तळमजल्यावरचा शिवा करी रोडच्या एका बेचाळीस मजली इमारतीत लिफ्ट चालवतो. टॉवर आलाय म्हटल्यावर तो खास वर आला, पेटीभोवती एक चक्कर मारली, आणि पार्किंग कुठे दिलंय एवढं विचारून खाली गेला.

पेटी बुधाजींच्या नातीची, दीपिकाची. तिची म्हणजे आठवड्यापुरती. दीपिका लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात गेली पाच वर्षं कॉम्प्युटर जोडते. आईवडील बदलापूरला असतात, ही आजीआजोबांकडे, कारण इथून दुकान जवळ. मुलगी हुशार. तिने जोडलेला कॉम्प्युटर परत आला असं फक्त एकदा झालं, आणि त्यात उंदराचा दोष होता. पण काउंटरवर येणारं गिऱ्हाईक तिचं सगळं बोलणं नीट ऐकून घेतं आणि शेवटी विचारतं, "कोणी सर आहेत का?" मग ती आतून मालकांना बोलावते. मालक बाहेर येतात, गिऱ्हाइकाची अडचण गंभीरपणे ऐकतात, आत जातात, दीपिकाला विचारतात आणि बाहेर येऊन तिने सांगितलेलं सांगतात. गिऱ्हाईक म्हणतं, बघा, आता कसं समजलं.

म्हणून तिने दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर मराठीतून व्हिडिओ करायला सुरुवात केली. कुठला पंखा घ्यावा, कुठला घेऊ नये, घेतलाच तर कुठल्या बाजूने बसवावा. एकोणीसशे माणसं ते बघत होती. एकोणीसशे एकावं कोणीतरी पुण्याच्या एका वितरक कंपनीत बसलेलं होतं. तिथून पत्र आलं की आमच्याकडे परीक्षण करणाऱ्यांची एक यादी असते, दर महिन्याला त्यांना नवा माल तपासायला पाठवतो, यादीत अकरा नावं आहेत आणि बाराव्याची जागा रिकामी आहे. सोबत एक कॅबिनेट पाठवत आहोत. रविवारी संध्याकाळपर्यंत व्हिडिओ टाकावा, सोमवारी आमचा माणूस पेटी घेऊन जाईल. आपलं परीक्षण आवडल्यास नाव यादीत घेऊ. खाली सही: शंतनु.

"आवडल्यास," बुधाजी म्हणाले. त्यांनी ते पत्र तीनदा वाचायला लावलं होतं आणि तिन्ही वेळा त्याच शब्दाशी थांबवलं होतं. "योग्य वाटल्यास असं नाही लिहिलेलं."

दीपिका म्हणाली, आबा, आजकाल असंच लिहितात. पण तिनेही तो शब्द बघून ठेवला होता, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. यादीत नाव लागलं असतं तर व्हिडिओच्या खाली, मालाच्या खोक्यावर, कंपनीच्या पानावर तिचं नाव छापून आलं असतं. दुकानात कोणी सर आहेत का असं विचारणाऱ्याला बोटाने दाखवता आलं असतं. तिने हे बोलून दाखवलं नाही. राधावहिनींनी बोलून दाखवलं, तेही अख्ख्या मजल्याला.

तर मंगळवारी परीक्षण सुरू झालं. दीपिकाची रीत शास्त्रीय. पत्रा किती जाड आहे ते तिने मापकात धरून बघितलं, कडांवरून बोट फिरवून कुठे कापतंय का ते बघितलं, प्रत्येक स्क्रू काढला, लावला, पुन्हा काढला. तारा मागच्या बाजूने लपवायला किती जागा सोडलीय ते मोजलं. काचेचं दार दहा वेळा उघडलं आणि दहा वेळा मिटलं. सगळं वहीत लिहिलं. पत्रा चांगला, काच चांगली, स्क्रू बरे.

चाळीची रीत वेगळी. शेजारच्या सुचित्राताईंनी पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि आतून भरीव आहे असा निर्वाळा दिला. पेटी तेव्हा रिकामी होती. राधावहिनींनी ती शिलाई मशीनच्या बाजूच्या कोपऱ्यात बसते का ते बघितलं. दोन बोटं राखून बसली. मग त्या वाकल्या, पेटीखाली केरसुणी घालून बघितली आणि म्हणाल्या, "पाय आखूड आहेत. खालून केर निघत नाही."

सगळे हसले. दीपिका हसली नाही. ती गुडघ्यावर बसली, खालची जाळी बघितली, आणि वहीत लिहिलं: पाय आखूड, खालचा पंखा जमिनीवरची धूळ थेट आत ओढणार. आमच्या चाळीत आजवर जी काही तज्ज्ञ मतं दिली गेली त्यातलं लिहून घेतलेलं हे पहिलंच असावं.

बुधाजी मात्र खाटेवर बसून पेटीच्या समोरच्या चकचकीत दरवाजाकडे बघत होते. त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसत होतं आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं.

बुधवारी पंचाईत झाली. दीपिकाने स्वतःच्या कॉम्प्युटरचं सगळं आतडं काढून नव्या कॅबिनेटात बसवलं होतं. आता प्रोसेसरला मुद्दाम दमवणारा एक प्रोग्राम असतो, तो लावायचा आणि पारा कुठपर्यंत चढतो ते बघायचं. तिच्या जुन्या डब्यात, ज्याला एक बाजूच नव्हती, हाच प्रोसेसर त्र्याहत्तर अंशावर थांबायचा. या नव्या घरात तो चौऱ्याऐंशीवर गेला.

माणसाने अशा वेळी घराला दोष द्यावा की स्वतःला, हा प्रश्न आहे. मालकांनी घराला दिला असता. दीपिकाने स्वतःला दिला. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्या मधे एक राखाडी मलम लावतात, गरमी वर चढावी म्हणून. ते आपण नीट लावलं नाही असं तिने ठरवलं. पुसलं, पुन्हा लावलं. चौऱ्याऐंशी. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा गुरुवारी सकाळी डबा करता करता लावलं, प्रोग्राम चार तासांसाठी सुरू केला आणि दुकानात जायला निघाली.

"आबा, हात नका लावू. फक्त लक्ष ठेवा."

बुधाजींनी मान डोलावली. ही मोठी चूक होती. एकतीस वर्षं गिरणीत लक्ष ठेवलेल्या माणसाला लक्ष ठेवायला सांगू नये.

बुधाजी लालबागच्या एका गिरणीत हवेच्या प्लांटवर होते. एकतीस वर्षं संपाचे दिवस धरून की वगळून, यावर त्यांचं आणि राधावहिनींचं अजून एकमत नाही. हवेचा प्लांट म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. सूत कोरड्या हवेत तुटतं. म्हणून गिरणीत मोठमोठ्या पंख्यांनी हवा ओढायची, पाण्याच्या फवाऱ्यातून काढायची आणि ओलसर करून खात्यात सोडायची. प्रत्येक तासाला दोन पारे बघायचे, एक कोरडा आणि एक ओल्या चिंधीत गुंडाळलेला, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. त्यांच्या वडिलांना त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, घेतलं नव्हतं. धोट्यातलं सूत तिथे तोंडाने ओढावं लागे आणि आपल्या जातीच्या माणसांचं तोंड तिथे लागलेलं इतरांना चालत नसे. बुधाजींना हवेवर घेतलं. पुढची एकतीस वर्षं अख्ख्या गिरणीने, साचेखात्यासकट, त्यांनी दिलेली हवा नाकातोंडाने घेतली. हे ते तक्रार म्हणून सांगत नाहीत. जेवण झाल्यावर बडीशेप खाताना सांगतात.

अकरा वाजता त्यांनी मला हाक मारली. मी गेलो तेव्हा ते राधावहिनींच्या शिलाई मशीनवरच्या रिळातून वीतभर दोरा काढत होते. राधावहिनी साडीला फॉल लावायचं काम करतात, त्यामुळे त्या घरात सगळ्या रंगांचा दोरा असतो. त्यांनी पांढरा घेतला. दोन बोटांत धरून त्यांनी तो पेटीच्या चकचकीत दरवाजासमोर लोंबकळत ठेवला. आतले तीन पंखे गरगर फिरत होते, त्यांचे निळे दिवे दरवाजाच्या फटीतून दिसत होते. दोरा हलला नाही.

मग त्यांनी तो बाजूच्या बारीक फटीजवळ नेला. दोरा जरासा थरथरला. मागच्या बाजूला नेला, तिथे तो आडवा उडाला.

"मास्तर, ह्यात हवा नाही."

मी म्हटलं, पंखे तर फिरतायत.

"पंखा फिरतो म्हणजे हवा येते असं नाही. आमच्या मॅनेजरच्या केबिनलाही पंखा होता." त्यांनी दरवाजावर हात ठेवला. "तोंड बंद करून ठेवलंय हिचं. पोरीच्या मलमात काही वाईट नाही."

इथे माझं कर्तव्य होतं की दीपिकाला फोन करावा. मी ते बुधाजींना सुचवलं. ते म्हणाले, ती कामावर आहे, कामावरच्या माणसाला घरचा आकडा कळवू नये, त्याचं चित्त जातं. हे मला पटलं. सेवानिवृत्त माणसाला बऱ्याच गोष्टी लगेच पटतात.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडा होता ब्याऐंशी आणि तो चढत होता. बुधाजी त्याच्याकडे जसे बघत होते तसं मी आजवर फक्त तापाने फणफणलेल्या पोरांकडे बघताना आईबापांना बघितलंय. मग ते उठले. पेटीचा दरवाजा नुसत्या खुंट्यांवर बसवलेला होता, खालून ओढला तसा निघाला. तो त्यांनी जपून भिंतीला टेकवला. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, मधे दोरी बांधली, त्यावर आपला जुना पंचा टाकला, पेटीपासून हातभर अंतर सोडून. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बादली आणण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण दोघांत मी जास्त शिकलेला.

गिरणीत खातं तापलं की आत सोडायची हवा ओली करायची. हे एकतीस वर्षांचं ज्ञान होतं आणि त्यात खोट नव्हती. खोट एवढीच होती की सुताला ओल आवडते आणि कॉम्प्युटरला आवडत नाही. हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला असायला हवं होतं, मी भूगोल शिकवायचो.

दर अर्ध्या तासाने बुधाजी पंचा भिजवत होते. एकदा तर त्यांनी खिडकी उघडली, राधावहिनींनी ती मिटली, त्यांनी परत उघडली. पडद्यावरचा आकडा उतरत गेला. अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तर. दोन वाजता तो एकाहत्तरवर आला आणि तिथेच बसला. बुधाजींनी हे सगळे आकडे जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिले, कोरड्या पाऱ्याचा रकाना आणि ओल्या पाऱ्याचा रकाना असे दोन पाडून. ओला पारा नव्हता, म्हणून त्या रकान्यात त्यांनी काही लिहिलं नाही. मग आवराआवर केली, लादी पुसली, दरवाजा खुंट्यांवर परत बसवला. काम संपलं की यंत्र जसं होतं तसं ठेवून निघायचं, ही पाळी बदलण्याची शिस्त.

संध्याकाळी दीपिका आली, चपला न काढता पडद्यासमोर बसली. चार तासांची नोंद प्रोग्रामने ठेवली होती. सुरुवातीला ब्याऐंशी, मग उतार, शेवटी एकाहत्तर.

"मलम मुरायला वेळ लागला," ती म्हणाली. "असतं काही मलमांचं तसं. चूक माझीच होती आबा. मी लावतानाच घाई केली."

असं म्हणून ती इतकी मोकळी हसली की बुधाजींनी उघडलेलं तोंड मिटलं. तिने आईला बदलापूरला फोन लावला. एकाहत्तर, एकाहत्तर असं दोनदा सांगितलं. कॅबिनेट चांगलं निघालं होतं, म्हणजे चांगलं म्हणायला हरकत नव्हती, म्हणजे कंपनीला आवडायला हरकत नव्हती, म्हणजे बारावं नाव. खरं बोलूनही आवडावं असा योग माणसाच्या आयुष्यात किती वेळा येतो.

मी बुधाजींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी ते गॅलरीत भेटले. मी म्हटलं, सांगून टाका. ते म्हणाले, सांगितलं तर पोरीला पेटीला वाईट म्हणावं लागेल, मग तो पुणेवाला बघितलंत ना काय लिहितो, आवडल्यास. मी म्हटलं, मग नका सांगू. ते म्हणाले, नाही सांगितलं तर ती जन्मभर समजेल की तिलाच मलम लावता येत नाही. मी म्हटलं, मग सांगा. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही शाळेतसुद्धा असंच शिकवायचात का?

शनिवारी ते कॅरम खेळायला खाली आले नाहीत. पोटाचं कारण सांगितलं. शिवाने वर येऊन चौकशी केली, तर बुधाजी दोरा बोटाला गुंडाळत बसलेले.

रविवारी सकाळी दीपिका व्हिडिओ करायला बसली. राधावहिनींची इस्त्रीची साडी भिंतीला लावली, मोबाइल दोन डब्यांवर उभा केला, आम्हां सर्वांना खोकायची सक्त मनाई केली. पेटी चमकत होती. तिने पत्र्याबद्दल सांगितलं, काचेबद्दल सांगितलं, केरसुणीबद्दलही सांगितलं, आजीचं नाव घेऊन. राधावहिनींनी पदर सारखा केला, त्या चित्रात नसतानाही. मग ती तापमानावर आली.

"पहिल्या दोन वेळा मला आकडा जास्त दिसला," ती मोबाइलला म्हणाली. "पण ती माझी चूक होती. नीट जोडल्यावर, मी स्वतः मोजलेला आकडा आहे एकाहत्तर."

"थांब," बुधाजी म्हणाले.

दीपिकाने मागे बघितलं. ते खाटेवरून उठले होते. कॅलेंडरचा कागद हातात होता.

"तो आकडा तुझा नाही. माझा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, तासावार, कागद वाचून. दोरा, दरवाजा, पंचा, बादली. बादलीच्या वेळी त्यांनी माझ्याकडे बोट केलं, ते करायची गरज नव्हती. दीपिका ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"पाणी?" ती म्हणाली. "आबा, वीज चालू असताना पाणी? एक थेंब आत गेला असता तर सगळं जळलं असतं. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"एकतीस वर्षं पाणी आणि वीज दोन्ही बाजूला होती माझ्या."

"बत्तीस," राधावहिनी म्हणाल्या.

दीपिका गॅलरीत गेली. पाठमोरी उभी राहिली. तिला रडू येत होतं की राग, हे दारातून कळत नव्हतं, आणि मी जास्त वाकून बघायला लागलो तेव्हा सुचित्राताईंनी मला आत ओढलं. पाच मिनिटं गेली. खाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती. बुधाजी खाटेवर बसून कागदाची घडी घालत होते, उलगडत होते.

ती आत आली ती थेट पेटीपाशी. तिने दरवाजा खालून ओढला, निघाला. हातात धरून उलटा केला. मागून तो पूर्ण बंद होता, फक्त दोन्ही कडांना बोटभर फटी.

"ह्यातून हवा जाणार कुठून," ती स्वतःशीच म्हणाली. मग हळू आवाजात, "म्हणजे मी मलम नीट लावलं होतं."

"पहिल्यांदाच," बुधाजी म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता बादलीचा विषय निघणार, पण ती म्हणाली, काका, साडी नीट लावा, उजवीकडून घसरलीय. आणि तिने प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

त्या रविवारी गमऱ्यांच्या खोलीत जे झालं त्याला शास्त्र म्हणतात. तीन वेळा मोजलं. दरवाजा लावून, चौऱ्याऐंशी. दरवाजा काढून, बहात्तर. तिसऱ्यांदा बुधाजींची फार इच्छा होती म्हणून पंचाही टांगला, पण पेटीपासून चांगला दोन हात लांब आणि पिळून कोरडाठाक. एकाहत्तर. बुधाजी म्हणाले, बघ, एका अंशाचा फरक आहे. दीपिका म्हणाली, आबा, तो खिडकीचा आहे. यावर अजून वाद आहे.

मग तिने पहिल्यापासून चित्रण केलं. पत्रा चांगला. काच चांगली. पाय आखूड. आणि दरवाजा नुसता दाखवायला आहे, तो काढून ठेवा. हे सांगताना तिचा आवाज एकदा अडखळला. त्या अडखळण्यात मला पुण्याचा तो शब्द ऐकू आला. पण तिने वाक्य पूर्ण केलं आणि म्हणाली, हे मला कोणी सांगितलं ते दाखवते. बुधाजी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आले, नवा शर्ट घालून, आणि एक शब्द न बोलता दोरा धरून उभे राहिले. दरवाजासमोर दोरा सरळ लोंबत होता. दीपिकाने दरवाजा काढला. दोरा आत ओढला गेला, असा, जसं कोणी पलीकडून हात धरून न्यावं. तिने आकडे सांगितले आणि शेवटी म्हणाली, हे सगळे आकडे मी मोजलेत.

संध्याकाळी व्हिडिओ टाकला, रात्री तिने आपल्या कॉम्प्युटरचं आतडं परत जुन्या डब्यात बसवलं. सोमवारी सकाळी माणूस आला आणि पेटी घेऊन गेला. कोपरा रिकामा झाला. राधावहिनींनी तिथून केर काढला आणि पुष्कळ निघाला.

सोमवार गेला, पुण्याहून काही नाही. मंगळवारी दीपिका दुकानातून आली, मोबाइल बघितला, उलटा ठेवला. बुधवारी बुधाजी मला म्हणाले, मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्हीच सांगत होतात की तोंड बंद ठेवलं की आतला पारा चढतो. ते म्हणाले, मास्तर, सगळ्याच गोष्टींचा धडा करू नका.

व्हिडिओ बघणारे आता सहा हजारांवर गेले होते. त्यातले निम्मे कॅबिनेटबद्दल काही न विचारता दोरा कुठल्या नंबरचा ते विचारत होते. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं आणि दीपिकाला म्हणालं होतं, तुम्ही त्याच ना, आजोबांच्या नात. ही प्रगती होती की नाही हे तिला नक्की ठरवता येत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. दीपिकाने नाव बघितलं आणि स्पीकर लावला, कारण एकटीने ऐकायचा तिला धीर नव्हता. आम्ही सगळे जिथे होतो तिथे थांबलो. राधावहिनींची सुई साडीत अर्धी राहिली. बुधाजी खाटेवर ताठ बसले, जसं पाळी तपासायला साहेब आलाय.

शंतनु स्वच्छ पुणेरी बोलत होता, प्रत्येक वाक्य इस्त्री केल्यासारखं. त्याने सांगितलं की व्हिडिओ त्याने बघितला, त्याच्या साहेबांनी बघितला, आणि कॅबिनेट बनवणाऱ्या कारखान्यालाही पाठवला. कारखान्याला राग आला होता. तीन दिवस पत्रापत्री चालली होती, म्हणून फोनला उशीर झाला, त्याबद्दल दिलगिरी. मग कारखान्याने स्वतः दरवाजा काढून मोजलं. बारा अंशांचा फरक आला. पुढच्या खेपेपासून दरवाजाला जाळी येणार होती आणि पाय बोटभर उंच.

"आमच्या अकरा जणांपैकी दहांनी दरवाजा दिसायला छान आहे असं म्हटलं होतं," तो म्हणाला. "अकराव्यांनी अजून खोकं उघडलेलं नाही. तर तुमचं नाव आम्ही यादीत घेतलं आहे, दीपिकाताई. बारावं नाही, पहिलंच लिहिलंय. साहेबांनी सांगितलं."

राधावहिनींनी डोळ्याला पदर लावला. बुधाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मग पुन्हा काढला. दीपिका फोनकडे नुसती बघत होती. पाच वर्षं काउंटरच्या मागे उभ्या राहिलेल्या मुलीला कोणीतरी सरांना न बोलावता सगळं सांगत होतं. तिने थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, पण शंतनुचं संपलेलं नव्हतं. त्याचा आवाज एकदम खाली आला, इस्त्री मोडली.

"आणि ताई, एक छोटी विनंती होती. ऑफिसचं नाही, घरचं आहे. आमच्या बाबांचा प्रिंटर दोन महिने झाले कागद ओढत नाहीये. जरा बघता का?"